डबल घंटी

आज सकाळी गल्लीतून ताट्यावाला गेला. "कूलरच्या ताट्याऽऽ, वाळ्याच्या ताट्याऽऽ" ही हाक आली की अकोल्यात वर्ष बदलतं. पाडवा त्याच्या मागेपुढे कुठेतरी असतो. मग घरोघर गच्चीवरचे कूलर खाली उतरतात, त्यांच्या बाजूंना बसवलेल्या जुन्या ताट्यांमधून चिमण्यांची घरटी निघतात, टाकीच्या तळाशी बसलेला पांढरा क्षार खरवडायला कुणीतरी जुना चमचा शोधत फिरतं, आणि पंप का चालत नाही यावरून घरातल्या पुरुषांचं एकदा तरी भांडण होतं. नवी ताटी पहिल्यांदा भिजते तेव्हाच्या त्या वासाने लोकांना माहेर आठवतं, आंबे आठवतात, सुट्ट्या आठवतात. मला एक रेघ आठवते. रोज दुपारी, सगळं गाव दार लावून पडलेलं असताना, संगणकाच्या पडद्यावर खाली कोसळणारी रेघ.

त्या वर्षी मी पुण्याहून पंधरा दिवसांच्या रजेवर आले होते. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. बाबा एसटीत ड्रायव्हर होते आणि बहुतेक सगळी नोकरी त्यांनी अकोला-अमरावती रस्त्यावर काढली. ज्या हाताने लाल गाडीचा तो जडशीळ गिअर पाडला, तो हात आता चादरीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून असायचा. पंधरा दिवसांत तो परत येणार नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते कळायला सगळी रजा लागली.

ऑफिसमधले साहेब वाईट नव्हते. त्यांनी रजा वाढवून दिली, पण एक जूनला टेबलावर दिसा, नाहीतर जागा भरावी लागेल, असं सरळ सांगितलं. पुण्यात अशा आजाऱ्यांना ठेवून घेणारं एक चांगलं सेवाकेंद्र होतं. नर्स, व्यायामशाळा, बाग. मी बाबांना मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी एकेक नीट पाहिला.

"बाग चांगली हाय," ते म्हणाले. झटक्यानंतर जीभ थोडी जड झाली होती, पण अडली नव्हती. "पन मी अकोल्याच्या बाहेर फक्त ड्युटीवर गेलो, सुमे."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी फोटो पुसून टाकले आणि ठरवलं, की याच खोलीत बसून करता येईल असं काम मी मिळवीन. या स्वभावाला आमच्या घरात हेकटपणा म्हणतात. पुण्याच्या ऑफिसात तोच गुण 'जिद्द' म्हणून माझ्या नावापुढे लिहिला होता.

काम अमरावतीला होतं. तिथे नसीमचाचा म्हणून एक होते, त्यांच्या घरात चष्म्याच्या काचा घासायचा धंदा वडिलोपार्जित. आता काचा बाहेरून तयार येतात, घासणाऱ्याला कोण विचारतं? पण घासायचा हात घरात होता. चाचांच्या मुलीने, फरझानाने, तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेऊन तो हात काचेच्या तंतूकडे वळवला. हा तंतू केसाएवढा असतो. त्यातून उजेड एका टोकाने घालायचा आणि दुसऱ्या टोकाने काढायचा, सगळं इंटरनेट त्यावरच तर चालतं. टोकं नीट घासली तर उजेड सगळाच्या सगळा पलीकडे जातो, नाहीतर सांधा येतो तिथे सांडतो. फरझाना अशा तंतूंच्या केबल तयार करायची. बंगळुरूच्या एका गिऱ्हाईकाला त्या पसंत पडल्या, पण त्याची अट होती: ऐन उन्हाळ्यातला एक सबंध आठवडा, न थांबता, प्रत्येक केबलमधून किती उजेड जातो ते मोजून दाखवा. रेघ सपाट राहिली तर काम तुमचं.

मोजायची यंत्रं तिने घेतली होती. एक उजेड सोडणारं, एक उजेड मोजणारं आणि मध्ये केबल आळीपाळीने जोडणारा एक स्विच. त्यांना आठवडाभर हाकणारा प्रोग्राम लिहायला माणूस नव्हता. माझ्या एका मैत्रिणीने आमची गाठ घालून दिली. मी म्हटलं, मी करते, पण अकोल्यातून, बाबांना सोडून मला अमरावतीला येता येणार नाही. फरझाना म्हणाली, "ताई, केबल लांबूनच चालतात, तुमी बी चाला." काम मिळालं तर ही मोजणी कायमची माझी असणार होती. मे संपेपर्यंतची मुदत होती. त्यानंतर पुणं, आणि बाबांना ती बाग.

लांबून यंत्र चालवायचं म्हणजे नेमकं काय, हे बाबांना समजावताना मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं. समोर काही दिसत नाही. पडद्यावर एक ओळ लिहायची आणि उत्तराची वाट पाहायची. तू कोण? यंत्र नाव-नंबर सांगतं, शाळेतल्या हजेरीसारखं. उजेड सोड. सोडतं. किती पोचला? आकडा येतो. सुरुवातीला मी घाईत होते. स्विच एका केबलवरून दुसरीवर जायच्या आतच पुढचा हुकूम सोडायची. यंत्र गोंधळायचं, मध्येच मुकं व्हायचं. मी चिडून टेबलावर हात आपटला तसे बाबा खाटेवरून हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

"घंटी न आयकता गाडी हाकलून राहिली तू."

मग त्यांनी सांगितलं. ड्रायव्हरला मागचं दार दिसत नाही. एखाद्या म्हातारीचा एक पाय पायरीवर असतो, एक रस्त्यावर, काखेत बोचकं. ते कंडक्टरला दिसतं. तो दोरी ओढतो, ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजते. एक वाजली की थांब. दोन वाजल्या की चल. "मांगं काय चालू हाय थे मले का दिसते? घंटीच्या भरोशावर नोकरी केली सारी."

मी प्रोग्राममध्ये प्रत्येक हुकुमानंतर एक प्रश्न घातला: झालं का? यंत्र 'एक' असा आकडा पाठवतं, म्हणजे झालं. तो आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. त्या दिवसापासून यंत्र मुकं व्हायचं थांबलं. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी घरातही तोच कायदा लावला. उशाशी स्टीलचा पेला आणि डाव्या हातात चमचा. मी पुढच्या खोलीत कामाला बसले की मधूनच ओरडून विचारायची, "बाबा, ठीक आहे ना?" आतून टिणटिण. दोन. तू चालू दे. एक वाजली तर काम टाकून ये. सबंध एप्रिलमध्ये एक कधी वाजली नाही, आणि मी खूश होते.

अकोल्याची मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. अकरानंतर रस्ते मोकळे होतात. नळाचं पाणी हाताला चटका देतं, दाराची कडी फडक्याने धरावी लागते, कुत्री उभ्या रिक्षांखाली सावली वाटून घेतात. बाहेर पडणारा माणूस खिशात कांदा ठेवतो आणि डोक्याला दुपट्टा असा गुंडाळतो की ओळखीचाही ओळखू येऊ नये. घराघरांतून कूलरचा घों-घों आवाज येत असतो. त्यातच कुठेतरी कुणीतरी झोपेत कूस बदलतं. त्या वेळी माझी रेघ पडायची.

सकाळभर ती सपाट असायची, पाटीवर ओढावी तशी. बाराच्या सुमारास थरथरायला लागायची आणि मग खाली. संध्याकाळी पुन्हा वर, पण कालच्यापेक्षा जराशी खालीच. काल ज्या केबलमधून उजेड पूर्ण जात होता त्यातून आज सांडत होता. मी फरझानाला फोन लावायची.

"सगळं ठीक आहे ना तिथे?"

"एकदम ठीक, ताई. मशीन मजेत आहे."

मग दोष माझ्या प्रोग्रामचाच असणार. मी तो मोडून पुन्हा लिहिला. थांबण्याची वेळ वाढवली. मग मला वाटलं, हा उन्हाचाच प्रताप. खोली तापते, यंत्र तापतं, आकडा घसरतो. मी तापमानाचा हिशेब मांडला, त्याची वजाबाकी घातली. रेघ तरीही पडली. दुसऱ्या दिवशी आणखी पडली. एखाद्या हट्टी म्हशीला ओढावं तशी मी त्या रेघेला वर ओढत होते आणि ती बसकण मारत होती. चाचांनी एकदा फोन घेऊन विचारलं, "बेटा, हमारी घिसाई में तो कमी नहीं ना?" त्यांच्या आवाजात जी भीती होती ती मला फार लागली. पिढ्यांचा हात खोटा पडतो की काय, ही ती भीती होती. नाही चाचा, मी म्हणाले, हात खोटा नाही, मी शोधून काढते. आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं, कारण कुठे शोधायचं ते मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यातली एक दुपार. रेघ नुकतीच पडायला लागली होती. मी आवाज दिला, "बाबा, ठीक आहे ना?" टिणटिण. दोन. मी आकड्यांत बुडाले. पुन्हा विचारलं, पुन्हा दोन. भाजी-भाकरीचं ताट घेऊन आत गेले तेव्हा बाबा खाटेच्या खाली होते. लघवीला जायला म्हणून एकटेच उठले, घसरले, आणि ओल्या लुंगीत फरशीवर टेकून बसले होते. पेला मात्र मांडीत होता, आणि चमचा डाव्या हातात.

"एक काहून नाही वाजवली?" मी ओरडलेच.

"तुहं काम चालू होतं ना, माय."

"मग दोन कशा वाजवल्या?"

"तू इचारलं ठीक हाय का. ठीकच हाय. लागलं नाई कोठी."

मी त्यांना उचललं, पुसलं, कोरडी लुंगी नेसवली. हे करताना मला भयंकर संताप आला होता. माझ्यावर दया करायला कुणी सांगितलं होतं यांना? आणि मग त्यांच्या हडकुळ्या पिंढरीवर टॉवेल फिरवता फिरवता लक्षात आलं, की दया काय, ते आपल्याकडचं साधं उत्तर आहे. वऱ्हाडात कुणालाही विचारा, ठीक हाय का? ठीक हाय. पीक गेलं असो, पाय मोडला असो, विचारणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून माणूस ठीकच असतो. यंत्राला मी असं कधी विचारत नव्हते. त्याला विचारायची, किती? आणि ते जितकं असेल तितकं सांगायचं. ठीक आहेस का, हे मी फक्त माणसांना विचारत होते.

मी हात धुतले आणि फरझानाला फोन लावला.

"फरझाना, मशीनच्या खोलीच्या दारात उभी राहा. काय काय दिसतं ते सांग. ठीक आहे का ते नको सांगू. जे दिसतं तेच."

"आता?"

"आत्ता."

तिच्या चपलांचा आवाज आला. "टेबल आहे. मशीन आहे. हिरवी लाइट चालू आहे. केबल लटकून राहिल्या, हलून राहिल्या..."

"हलून राहिल्या? कशानं?"

"हवेनं ना, ताई."

"कुठली हवा?"

"कूलरची." आणि मग जरा अभिमानानेच, "बारा वाजले की मी कूलरचं तोंड मशीनकडे करून देते. तिले उकडत नशीन का? तुमची पाहुणी हाय ती आमच्या घरी."

आमच्या भागात उन्हाळ्यात पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याच्याही आधी कूलरचं तोंड त्याच्याकडे वळतं. घरचे लोक मग घामाच्या धारांत बसून त्याला विचारतात, बरं वाटते ना? या पोरीने तेच केलं होतं. स्वतः उकाड्यात बसून महिनाभर त्या यंत्राचा पाहुणचार केला होता. आणि कूलरच्या वाऱ्याने केबल झुलत होत्या. तंतू वाकला की वाकल्या जागी उजेड सांडतो. शिवाय त्या ओल्या हवेबरोबर त्यांच्या बोअरचं खारं पाणी बारीक तुषार होऊन मोजणाऱ्या यंत्राच्या काचेवर बसत होतं, वाळत होतं, पांढरे ठिपके ठेवून जात होतं. संध्याकाळी रेघ वर यायची, पण रोज जराशी कमी, ती या ठिपक्यांमुळे. मी सांगितल्यावर फरझानाने काच पाहिली आणि तिला ते ठिपके दिसले.

"या अल्ला," ती म्हणाली. "ताई, मीच..."

"तू काही नाही. तू कूलर लावलास. मी महिनाभर चुकीचा प्रश्न विचारला."

आम्ही दोघीही हसलो. मागून चाचा मोठ्याने विचारत होते, क्या हुआ, क्या हुआ. त्यांना सांगितलं, तुमचा हात खरा आहे. नंतर फरझानाने सांगितलं, ते ऐकताच उठून तोंड धुवायला गेले होते.

आता मुदत अशी उरली होती की एकदाच सबंध आठवडा बसत होता. चुकलं तर पुन्हा नाही. फरझानाने यंत्रं घराच्या मागच्या जाड भिंतीच्या खोलीत नेली, जिथे पूर्वी काचा घासायची चाकं फिरायची. केबल कापसाच्या गादीवर निजवून सुताने बांधल्या. काच पुसली. ती खोली कूलरवाचून तापणारच होती, तर तापू दे. यंत्र तेवढा ताप सोसतं, हे त्याच्या माहितीपत्रकात पहिल्यापासून होतं, फक्त ते माणसाच्या मनाला पटत नव्हतं. तापमानाची वजाबाकी मी काढून टाकली. यंत्रांना जोडलेल्या अमरावतीच्या संगणकाला सगळे हुकूम आधीच शिकवून ठेवले, म्हणजे मधली लाइन तुटली तरी तो घंटी ऐकत ऐकत पुढे जाईल. इन्व्हर्टर लावला. कूलरचं तोंड फरझानाकडे करायला सांगितलं, आणि ते केलंय का हे नाही विचारलं. विचारलं, "आता वारा कुणाच्या तोंडावर येऊन राहिला?"

"माह्या," ती म्हणाली.

घरातही प्रश्न बदलला. मी आता विचारायची, "बाबा, काय चाललंय?" बाबा आधी वैतागले. मग सांगायला लागले. पाठ घामानं ओली झाली. डावा हात दुखून राहिला. खिडकीत साळुंकी आली. तुह्या मायची आठवण आली. ही शेवटची गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत मला कधी सांगितली नव्हती. पेला-चमचा तसाच ठेवला होता, पण त्याचा अर्थ आम्ही पक्का केला: दोन म्हणजे खरोखरच चल. खोटी घंटी द्यायची नाही. "खोटी घंटी देनारा कंडक्टर सस्पेंड होते," मी त्यांच्याच भाषेत बजावलं. दुपारी फिजिओथेरपीवाली बाई येऊन त्यांचा उजवा पंजा उघड-मीट करवायची. ती गेल्यावरही चादरीखाली काहीतरी चालू असायचं. मी विचारलं की ते म्हणायचे, "काई नाई, गिअर पाडून राहिलो."

तो आठवडा मी दात आवळून काढला. रोज बारा वाजता पडद्यासमोर बसायची. बाहेर झाडाचं पान हलत नसे. रेघ सपाट. एकदा लाइन तुटली आणि जोडली तेव्हा अमरावतीचा संगणक एकटाच शहाण्यासारखा मोजत बसलेला होता. एकदा वीज गेली. रेघ सपाट. शेवटच्या दिवशी शेवटची केबल राहिली होती. प्रश्न पाठवला होता, झालं का, आणि उत्तर यायचं होतं. मी खुर्चीच्या टोकावर होते.

आतून आवाज आला. टिण.

एक. मी उठले. तेवढ्यात, बराच वेळ गेल्यावर, अगदी हलका, जणू चमचा हातातून निसटता निसटता पेल्याला लागला असावा असा: टिण.

ही दोन होती की एक आणि एक? पडद्यावर उत्तर कुठल्याही क्षणी येणार होतं. मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि आत धावले. मशीनने 'एक' पाठवला तो मी आत असताना. रेघ शेवटपर्यंत सपाट होती, काम आमचं झालं होतं, हे मी नंतर पाहिलं. पुण्याला त्याच संध्याकाळी 'मी येत नाही' असं कळवलं.

बाबा उशीला टेकून बसले होते. कपाळावर घाम. पेला मांडीवर होता आणि डाव्या हाताने त्यांनी तो घट्ट धरला होता.

"काय झालं? एक होती का दोन?" मी विचारलं.

"दोन. चल." त्यांना दम लागला होता. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहान असताना गाडीच्या खिडकीतून पाहायचे. "पन आता तू सांग. दारात उभी हायेस ना? काय दिसून राहिलं?"

चमचा उजव्या हातात होता.